फांदी म्हणजे वाट

क्लाइनवीक, ९ फेब्रुवारी १९४५

चि. हेर्टा,

तुला पत्र लिहून चार वर्षं झाली. आशीर्वाद लिहावा की नको या विचारातच टाकावरची शाई वाळली, तेव्हा तो तूच धरून चाल.

तुझी पत्रं मिळत होती. सगळी वाचली. उत्तर दिलं नाही, कारण आमच्या घराण्यात नाक आधी जन्माला येतं आणि माणूस मागाहून. लग्नाआधी मूल झालं म्हणून मी तुला जे बोलले ते साऱ्या लुकिश्केन गावाने ऐकलं होतं. ते परत घ्यायचं तर साऱ्या गावासमोर घ्यावं लागलं असतं. आता गावच राहिलं नाही. ऑक्टोबरात रशियन आले, मी तुझ्या मारीकेला घेऊन गाडी जुंपली, आणि आठ दिवस दक्षिणेला चालत या क्लाइनवीकमध्ये येऊन पडले.

नोव्हेंबरात तू मारीकेसाठी तुझ्याकडे कीलला यायचं रेल्वेचं तिकीट पाठवलंस. ते मी परत पाठवलं. कीलवर रोज बॉम्ब पडतात, पोर माझ्याजवळ सुखरूप आहे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ती गेली असती तर माझ्याजवळ काहीच उरलं नसतं. आता रेल्वे बंद आहे. रशियन आमच्या मागून फिरून समुद्राला भिडले, आणि इकडचे सगळे पिशवीत सापडल्यासारखे झाले आहेत. 'गाव सोडेल त्याला गोळी घालीन' म्हणणारा जिल्ह्याचा पक्षाचा पुढारी स्वतः मोटारीत बसून कधीच पसार झाला.

एकच वाट उरली आहे, आणि ती तुझ्या आईने आखायची आहे. आपल्याकडच्यासारखीच इथेही खाडी आहे, खाडीपलीकडे वाळूची लांब पट्टी, आणि तिच्यापलीकडे समुद्र. खाडी गोठली आहे. बर्फावरून पट्टीवर जायचं, पट्टीने पिलाऊ बंदरात, तिथून नौदलाचं जहाज. सैन्याला बर्फ वाचता येणारं माणूस हवं होतं आणि गावातले बाप्ये सगळे लढाईवर. सार्जंट ड्रेवेस दारोदार विचारत आला, तेव्हा मी म्हटलं, "माझा बाप चाळीस वर्षं खाडीवरचा वाटाड्या होता. डाक, डॉक्टर, वरात, प्रेत, सगळं त्याने पार नेलं. त्याच्यामागे फांद्या ओढतच मी मोठी झाले."

"बरं आजी, मग ट्रक झेपेल का तेवढं सांगा."

"आजी असेल तुझ्या घरी. बर्फ काळा आहे की पांढरा, ते आधी तू सांग."

तेव्हापासून तो मला कॅप्टन म्हणतो. हसू नकोस. या वयात कुणी कशाला तरी उपयोगी म्हटलं की बरं वाटतं.

आमची घरमालकीण गेरमानबाई. कोळ्याची विधवा, कॅथलिक, उठताबसता जपमाळ. आमचं आणि तिचं रोज वाजतं. होडी चालत नाही आणि पायही टिकत नाही त्या दिवसांना आपण शाकटार्प म्हणतो ना? मी तो शब्द काढला तर म्हणाली, "इतका वाकडा शब्द! म्हणूनच तुमच्याकडे ते दिवस येत असतील. आमच्याकडे बर्फ एकतर असतो नाहीतर नसतो." बाई तोंडाची फाटकी, पण मारीकेला दूध पहिल्यांदा देते आणि मग आपल्या मांजरीला.

उद्यापासून मी बर्फावर. नऊदहा दिवसांचं काम आहे. तोवर मारीके गेरमानबाईकडे राहील, मग मी येऊन दोघींना माझ्या वाटेने पार नेईन. जहाज मिळालं की ती तुझ्याकडे येईल. या वेळी मी अडवणार नाही. तिने हट्टाने खाली लिहिलंय.

*आई, मला आता मोठं अक्षर काढता येतं. मांजरीला चार पिल्लं झाली. एक काळं आहे. मी येते.*

तुझी आई,
एर्दमे नाउयोक्स


वाळूची पट्टी, १९ फेब्रुवारी १९४५

हेर्टा,

घाईत लिहिते, सार्जंटची डाक निघते आहे. आम्ही पट्टीवर पोहोचलो. मारीके झोपली आहे. फार दमली. तिच्या दोन ओळी या खेपेला नाहीत, बोटं गारठली आहेत. वाट मी चांगली आखली होती. सार्जंट म्हणतो, हजारो माणसं तिच्यावरून पार झाली. तू काळजी करू नकोस.

आई


पिलाऊ बंदर, २६ फेब्रुवारी १९४५

हेर्टा,

मागचं पत्र खोटं होतं. मारीके झोपलेली नव्हती. मारीके नाही. अठरा तारखेला सकाळी ती बर्फाखाली गेली.

हे एवढं लिहून मी दोन तास धक्क्यावर बसून होते. आता पुढचं लिहिते.

मी पट्टीच्या बाजूला सैनिकांच्या खोपटात राहत होते. काम आपल्याकडचंच. लोखंडी सळईने बर्फ टोचत जायचं, जिथे जाड कणा लागेल तिथून वाट न्यायची, आणि दर पन्नास पावलांवर देवदाराची हिरवी फांदी रोवायची. धुक्यात, हिमात, माणसाला फांदीपासून फांदीपर्यंतच दिसलं तरी पुरतं. विमानं येऊन बर्फ फोडून जायची. फुटलेल्या जागी दुधावर साय धरावी तसा नवा बर्फ धरायचा, वर हिम पडलं की काही कळायचं नाही. मग मी वाट वळवायची, फांद्या उपटून दुसरीकडे रोवायची. माझ्या फांद्यांच्या कडेने गेलेली एकही गाडी बुडाली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही.

अठराला दुपारी मी त्यांना आणायला जाणार होते. सतराला संध्याकाळी गावावर तोफा सुरू झाल्या. गेरमानबाईने थांबायला हवं होतं. थांबली नाही. फटफटताच शेजाऱ्यांची एक गाडी आणि तिची एक, अशा दोन गाड्या घेऊन ती बर्फावर उतरली. मारीकेला पिसांच्या रजईत गुंडाळून पुढे बसवली होती. धुकं होतं, पण फांद्या दिसत होत्या. तरी तिने गाडी फांद्यांपासून साठ पावलं लांब नेली. जन्माची खाडीवरची कोळीण, आणि आखलेली वाट सोडून साठ पावलं लांब! ज्यांनी आयुष्यात खाडी पाहिली नव्हती असे आतल्या गावांचे शेतकरी मुकाट्याने फांद्या धरून पार झाले. बुडाल्या त्या क्लाइनवीकच्याच दोन गाड्या.

मी पोहोचले तेव्हा पाणी स्थिर झालं होतं. वर रजई तरंगत होती. मी पोटावर झोपून सळई खाली घालत राहिले, खांद्यापर्यंत हात पाण्यात गेला. सार्जंट ड्रेवेसने मला दोन्ही पायांना धरून मागे ओढलं. मी त्याला लाथा घातल्या. त्याने पाय सोडले नाहीत. दुसऱ्या दिवशी डाकेसाठी कागद त्यानेच आणून दिला आणि म्हणाला, "लेकीला काहीतरी कळवा." मी काहीतरी कळवलं.

गेरमानबाईला सैनिकांनी बाहेर ओढलं म्हणे. ती जगली. पोर गेली आणि म्हातारी जगली. हिशेब देवाचा असेल तर तो मला मान्य नाही.

हे पत्र घेऊन डाकेच्या पेटीपर्यंत गेले आणि परत आले. उद्या टाकीन.


जहाजावर, ६ मार्च १९४५

हेर्टा,

ते पत्र टाकलं नाही. हेही टाकता येईलसं वाटत नाही.

जहाजाच्या पोटात आम्ही दोन हजार असू. पूर्वी यातून कोळसा न्यायचे, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे सारखे काळे झालेत, त्यात कोण जमीनदारीण आणि कोण मोलकरीण ते ओळखू येत नाही. निघताना बरोबर आणखी दोन जहाजं होती. काल सकाळी वर गेले तर एकच दिसलं. खलाशाला विचारलं, दुसरं कुठाय? तो म्हणाला, "आजीबाई, समुद्राकडे बघत बसू नका. खाली सूप वाटताहेत, संपेल." मी खाली जाऊन सूप प्यायले. हेर्टा, माणूस सूप पितो.

तिथेच गेरमानबाई भेटली. शिडीखाली झोपवली होती, दोन्ही पाय कांबळ्याच्या चिंध्यांत बांधलेले. मला पाहिल्याबरोबर ती सरपटत पुढे आली.

"नाउयोक्सबाई, मला मारा. थुंका माझ्यावर. पण बोला काहीतरी."

मी सुपाची वाटी खाली ठेवली.

"माझ्या हातात होती हो ती. तिचा गळपट्टा माझ्या मुठीत होता. मूठ उघडली तर नुसता गळपट्टाच."

आम्हा लोकांत माफी मागायची ती थेट देवाकडे. यांच्यात मधे माणूस लागतो. पाद्री कुठे होता तिथे? म्हणून ती माझ्याकडे मागत होती. सगळ्या बायका आमच्याकडे बघत होत्या. तिने माझ्या बुटांवर डोकं टेकवलं. मी म्हटलं, "उठा. मी तुम्हाला माफ केलं."

बायका रडायला लागल्या. एक म्हणाली, अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. दुसरीने मला आपल्यातला पावाचा तुकडा दिला. तो मी खाल्ला.


डेन्मार्क, छावणी, ९ मे १९४५

हेर्टा,

युद्ध संपलं. आम्हाला ते घंटांवरून कळलं. इथल्या लोकांनी आनंदाने खिडक्याखिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. आमच्या बराकीतली एक म्हणाली, "किती निर्दय लोक!" मी म्हटलं, "पाच वर्षं आपलं सैन्य यांच्या उरावर बसलं होतं, आता त्यांनी सुतक पाळायचं का?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. चांगलं झालं.

आता कुंपणाला तारा आहेत. बाहेर जायचं नाही, बाहेरच्यांशी बोलायचं नाही, पत्र पाठवायचं नाही, यायचंही नाही. सगळ्या बायका पत्रं बंद झाली म्हणून डोकं धरून बसल्या. मी एकटी मनातून सुटल्यासारखी झाले. तुला कळवायचं कसं, हा प्रश्नच सरकारने मिटवला. केवढी हलकट आहे बघ तुझी आई.

तरी लिहीत राहते. लिहिलं नाही तर ते तोंडातून कुणासमोर तरी बाहेर पडेल.

गेरमानबाईची खाट माझ्या खाटेला लागून आहे. तिच्या पायांची सात बोटं कापली. ती रोज आपल्या वाटणीच्या पावाचा अर्धा भाग माझ्या उशाशी ठेवते. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "हे काय?" म्हणाली, "मारीकेचा वाटा. मी खाणार नाही, तुम्ही खा." मी नको म्हटलं नाही. रोज खाते.

आणि बराकीत तिची गोष्ट ती स्वतःच सांगते. कुणी नवीन आलं की सांगते, मी ती, जिने नाउयोक्सबाईची नात बुडवली. कोळ्याची बायको असून गाडी चुकवली. लोक माझ्याकडे आदराने बघतात.


छावणी, २१ नोव्हेंबर १९४५

हेर्टा,

काल गेरमानबाई गेली. जखमा भरल्याच नाहीत, वर खोकला, आणि अंगात जोर येणार कुठून, अर्धा पाव तर मी खात होते.

आता मी लपवलेलं लिहिते. या गठ्ठ्यातलं मागचं सगळं खरं आहे. फक्त मधला एक तुकडा मी प्रत्येक पत्रातून काढून ठेवला होता.

गेल्या नाताळातली गोष्ट. मारीके बर्फावर घसरगुंडी खेळत होती. लांब एक हिरवी फांदी रोवलेली दिसली, तशी ती तिच्याकडे धावत सुटली. आपल्याकडचं मूल काय करणार? फांदी म्हणजे वाट, हे ती माझ्या कडेवर बसून शिकलेली. गेरमानबाई घरातून तशीच अनवाणी धावली, तिला पकडलं आणि खाडकन् थोबाडीत दिली. मी भडकले.

"पोरीला हात लावलात कसा?"

"आंधळी आहे का तुमची नात? फांदी दिसत नाही?"

"दिसली म्हणूनच गेली ना!"

"अहो, फांदी म्हणजे भोक! जाळं सोडायला भोक पाडलं की आम्ही तिथे फांदी रोवतो. फांदी दिसली की लांबून जायचं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं."

मी म्हटलं, "आमच्याकडे फांदी जिवंत माणसांसाठी असते, माशांसाठी नाही." दोन दिवस आम्ही बोललो नाही. मारीकेचा गाल लाल झाला होता. ती मात्र तेवढ्यात शिकली.

म्हणजे मला माहीत होतं, हेर्टा. विसरले होते असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पहिल्याच दिवशी, पहिली फांदी रोवताना मला गेरमानबाईचं ते वाक्य आठवलं. मी सळई हातात धरून क्षणभर उभी राहिले आणि मनात म्हटलं, यांची रीत खुळी आहे, आपली बरोबर. शिकतील. आणि फांदी रोवली.

सार्जंट ड्रेवेसने विचारलंसुद्धा होतं. "कॅप्टन, बाहेरून येणाऱ्यांना चर्चसमोर उभं करून सांगतो, फांद्या धरून चला. पण गावच्या कोळ्यांनाही सांगायला हवं का?"

मी हसले. म्हटलं, "कोळ्यांना काय शिकवायचं? बर्फ इथून तिथून सारखाच."

कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच, असं आपण म्हणतो. दोन खाड्यांमध्ये आठ दिवसांची वाट, आणि एकीकडची जगण्याची खूण दुसरीकडे मरणाची. आणि त्या दिवशी बर्फावर ज्या एका माणसाला दोन्हीकडचं ठाऊक होतं, ती मी होते.

अजून एक आहे. जहाजावर गेरमानबाईने मला सांगितलं होतं, ते मी तेव्हा लिहिलं नाही. धुक्यात फांदी आधी तिला दिसलीच नव्हती. ती मारीकेला दिसली. मारीके ओरडली, "मावशी, तिकडे नको, भोक आहे! लांबून घ्या!" आणि गेरमानबाईने शाबासकी देत लगाम ओढला. पुढची फांदी, तिच्याही लांबून. पुढची, तिच्याही. पोर मोजून दाखवत होती. एका थपडेत शिकलेला धडा तिने मनापासून पाळला. तिची आजी येऊन पाच मिनिटं सांगून गेली असती, की ही फांदी माझी आहे, हिच्याजवळ ये, तर ती आली असती.

मी नऊ दिवसांत एकदाही गावात गेले नाही. काम होतं. सार्जंट कॅप्टन म्हणत होता.

गेरमानबाई वारली ती दुपारची वेळ होती. सगळ्या बायका बटाट्यांच्या रांगेत होत्या, आम्ही दोघीच. तिने माझं बोट धरलं.

"नाउयोक्सबाई, खरं सांगा. तुम्ही मला मनापासून माफ केलंत ना? का नुसतं तोंडाने?"

तेव्हा मी सांगायला हवं होतं. जीभ उचलली होती, देवाशपथ. पण मला वाटलं, आता हिला खरं सांगितलं तर हिचे हे नऊ महिने गेले कुठे? हे पाव, हे रडणं, हे रोज नव्या माणसापुढे मान खाली घालणं. ते सगळं फुकट होतं हे मरताना तिला कळावं का? असं मी स्वतःला समजावलं. हेसुद्धा खोटंच. मला भीती वाटली, ती माझ्याकडे बघेल याची.

मी म्हटलं, "मनापासून."

ती म्हणाली, "तुम्ही फार चांगल्या आहात हो." आणि जपमाळ मला दिली. मी प्रोटेस्टंट. ती घेऊन मी काय करणार? पण घेतली.


छावणी, १४ एप्रिल १९४६

हेर्टा,

डाक सुरू झाली. आणि पहिल्याच गोणीत तुझं कार्ड आलं.

छावणीचा कारकून नाव पुकारत होता. त्याने दोनदा नाउयोक्स म्हटलं तरी मी हललेच नाही. शेजारच्या शार्फेनॉर्टबाईने मला ढकललं. "अहो, लेक जिवंत आहे तुमची! जा की!" तू जिवंत आहेस. वर्षभर मी तुला इतकं लिहिलं, पण तू आहेस की नाहीस हे मला ठाऊक नव्हतं. कार्ड हातात घेतलं आणि पहिल्यांदा रडले.

मग वाचलं. ते आता मला पाठ आहे.

*आई, हरवलेल्यांच्या शोधयादीत तुझं नाव सापडलं. मारीकेचं कसं नाही? वेगळ्या बराकीत आहे का? तुझी दोन्ही पत्रं जपून ठेवली आहेत. 'मारीके झोपली आहे' ही ओळ मी रोज वाचते. मागचं सगळं विसरले मी. खोली मिळाली आहे. तिच्यासाठी खिडकीजवळ अंथरूण घालून ठेवलंय. आठ वर्षांची झाली ना आता? तुम्ही दोघी या.*

मागचं सगळं विसरलीस तू. पाच वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते वाक्य आलं, आणि या कार्डावर आलं.

उत्तराला एकच कार्ड मिळतं. छापील आहे, मजकूर पंचवीस शब्द, जास्त झाले की परत करतात. हा गठ्ठा पाठवता येत नाही. तसाही तो मी पाठवला नसता, इतक्या कागदांत माणूस स्वतःची बाजू मांडायला लागतो.

शार्फेनॉर्टबाई माझ्याजवळ येऊन बसली. तिला बाकीची हकीकत ठाऊक नाही, पोर गेली एवढंच ठाऊक आहे. म्हणाली, "तापाने गेली म्हणून लिहा. शांत गेली, झोपेत. आमच्या बराकीत सगळ्यांनी तेच लिहिलंय. दूर बसलेल्या आईला आणखी काय सांगायचं?"

मी तसं लिहिलं. पेन्सिलीने, दुसऱ्या कागदावर. 'मारीके तापाने गेली, झोपेतच, त्रास झाला नाही.' वाचून पाहिलं. किती छान वाटलं. तू रडली असतीस, मग माझ्याजवळ आली असतीस, आपण दोघी मिळून रडलो असतो. मी तुझ्या खिडकीजवळच्या अंथरुणावर निजले असते.

मग आणखी एक लिहिलं. 'मारीके बुडाली. गेरमान नावाच्या बाईने गाडी वाटेबाहेर नेली.' हे तर खोटंही नाही. बराकीतल्या साठ बायका शपथेवर सांगतील. ती मेलेली आहे, तिला काही लागणार नाही. हे लिहून झाल्यावर मी बाहेर जाऊन ओकले. पोटात होतं तरी काय म्हणा.

दोन्ही कागद चुलीत घातले.

शार्फेनॉर्टबाई म्हणाली, "अहो, अशाने लेक तुम्हाला घरात घेणार नाही. आणि इथून सुटल्यावर तुम्हाला जायला दुसरी जागा तरी आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

ती उठून गेली. मी कार्डावर शाईने लिहिलं आणि लगेच कारकुनाकडे नेऊन दिलं, मन फिरायच्या आत. त्याने बोट ठेवत शब्द मोजले. बरोबर पंचवीस भरले. त्याने एकदा वर माझ्याकडे पाहिलं, मग शिक्का मारला. इथे त्याची नक्कल ठेवते.

*मारीके अठरा फेब्रुवारीला बर्फाखाली गेली. वाटेच्या खुणा मी लावल्या होत्या. तिथे त्यांचा अर्थ उलटा आहे हे मला आधी सांगितलेलं होतं. तिचं अंथरूण काढून ठेव. आई.*